वर्तणुकीचा दाखला

बाई,

काल दुपारी आमच्या सांगलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरी येऊन गेल्या. या शाळेत मी तेहतीस वर्षं शिकवलं, त्यामुळे तिथलं कुणी आलं की मला अजूनही पदर सावरून बसावंसं वाटतं. शाळेचा वार्षिक अंक निघतोय, त्यात मी दोन पानं लिहून द्यावीत असं त्यांचं म्हणणं होतं. विषयही त्यांनीच ठरवून आणला होता. मुलं एकमेकांना छळतात त्याबद्दल लिहा, सहनशीलतेबद्दल लिहा, आणि तुमच्या मांजरांबद्दलही थोडं लिहा, मुलांना आवडेल, असं त्या हसत म्हणाल्या. या बाईंनी कधी कुणा मुलावर हात उगारला नाही आणि या बाईंच्या ओसरीवर कायम चारपाच मांजरं असतात, एवढीच माझी गावात कीर्ती आहे. मी लगेच होकार दिला. लिहूनही झालं. सहा वेळा तुमचा उल्लेख आला आहे त्यात, नाव न घेता. वडूजच्या माझ्या बाईंनी मला शिकवलं की मारून कुणी शिकत नाही, असं लिहिलं आहे. यातला शब्द न शब्द खरा आहे. तरी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आता सकाळचा चहा निवून गेला तरी मी हे दुसरंच काहीतरी लिहीत बसले आहे.

तुम्ही वडूजला आलात तेव्हा मी दहा वर्षांची होते. मुलींची शाळा म्हणजे एक लांबट खोली, आणि तिच्या पाठीमागं तुमचं स्वयंपाकघर, त्यातच तुमचं अंथरूण. तुम्ही साताऱ्याकडून एका छकड्यातून आलात, सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि झाकण बांधलेली एक मोठी टोपली. टोपलीत कोंबड्या असतील असं आम्हाला वाटलं. तुम्ही झाकण काढलंत आणि आतून तीन मांजरं एकापाठोपाठ एक बाहेर पडली, अंग ताणून शाळेत शिरली, जणू बदलीचा हुकूम त्यांच्याही नावानं निघाला होता. गावात त्या दिवशी दुसरा विषय नव्हता. विधवा बाई, केस राखलेली, एकटी राहणारी, आणि वर मांजरं पाळलेली. बाजाराला निघालेली माणसं शाळेसमोरून मांजर आडवं गेलं की थुंकून मागं फिरायची. तुम्ही दारात उभ्या राहून बघायचात. तुमच्या घरी चहा काळा असायचा, कारण पावशेर दूध यायचं ते भाकरीत कुस्करून तीन बशांत जायचं. मला तेव्हा याचा राग यायचा. आमच्या घरी दूध भरपूर होतं, आणि तरी मांजराला दूध घालणं म्हणजे मला उधळेपणा वाटायचा.

तुमच्या आधी मुलांच्या शाळेतले एक मास्तर आम्हाला येऊन शिकवायचे. त्यांची एक रीत होती, तेव्हा ती सगळ्याच शाळांत होती. प्रश्न विचारायचा, रांगेनं उत्तरं घ्यायची, आणि ज्या मुलीचं उत्तर बरोबर येईल तिनं चुकलेल्या सगळ्या मुलींच्या थोबाडीत द्यायची. डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्या हातानं मारायचं. नाक धरलं की मान हलवता येत नाही. हळू मारलं तर मास्तर मारणाऱ्या मुलीच्याच थोबाडीत द्यायचे, म्हणून जोरात मारावं लागे, असं मी पुढं लोकांना सांगत आले. पण मला कधी कुणी हळू मारल्याबद्दल मार दिला नव्हता. मी पहिली यायचे. रोज सातआठ गालांवरून माझा हात फिरायचा आणि घरी जेवायला बसले तरी तळवा गरम असायचा. मला ते आवडायचं, बाई. हुशारीचं बक्षीस म्हणतात ते माझ्या दृष्टीनं हेच होतं.

तुमचा पहिला दिवस. तुम्ही तेराचा पाढा विचारलात, चारजणी अडखळल्या, मी म्हणून दाखवला आणि सवयीनं उठून पहिल्या मुलीचं नाक धरलं. तुम्ही टेबलापासून इतक्या झटकन आलात की मला पावलं ऐकू आली नाहीत. माझं मनगट तुमच्या हातात होतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. हात खाली घे, म्हणालात, या शाळेत मुलींना मुली मारणार नाहीत आणि मीही मारणार नाही. मग माझं मनगट न सोडता, खिडकीत बसलेल्या त्या भुऱ्या मांजरीकडं बघत तुम्ही जे बोललात ते मी काल लेखात लिहिलं आहे. "मांजराला एकदा मारलं की ते परत येत नाही. तुम्हाला मारलं तरी उद्या शाळेत यावंच लागतं. म्हणून माणसं मुलांना मारतात आणि मांजराला दूध दाखवतात." वर्ग हसला. मी हसले नाही. चारचौघींत माझं मनगट धरलं गेलं होतं, आणि मी ते विसरणारी नव्हते.

लेखात मी इथंच थांबले आहे. त्या दिवशी माझे डोळे उघडले असं लिहून टाकलं आहे. वाचणाऱ्याला बरं वाटतं, लिहिणाऱ्यालाही वाटतं.

खरं असं झालं की मी माझी वेगळी शाळा काढली. मधल्या सुट्टीत, शाळेच्या मागच्या भिंतीशी, जिथं तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी नव्हती. माझ्या शाळेत विद्यार्थिनी एकच होती, ती पलटणवाल्याची पोर. तुम्हाला ती आठवत असणारच. बाप लढाईवर, कुठल्या मुलखात ते घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. पोर पाढ्यांत कच्ची होती आणि उंचीनं माझ्यापेक्षा हातभर जास्त. मनात आणलं असतं तर तिनं मला उचलून ओढ्यात टाकलं असतं. मी पाढा विचारायचे, ती चुकायची, मी तिचं नाक धरायचे. पुढं पुढं मला टाचा वर कराव्या लागू नयेत म्हणून ती स्वतःच वाकायची. एकदाच ती बोलली. म्हणाली, "आज लय जोरात नगं मारू. कान दुखतुया." मी दुसऱ्या बाजूला मारलं, आणि आपण किती समजूतदार आहोत असं मला वाटलं. तिनं तुम्हाला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. मी शिक्षिका झाल्यावर लोक सोशीक मुलांचं कौतुक करायला लागले की मी विषय बदलते, ते त्या भिंतीपासून. आणि छळणारं मूल लोक मागच्या बाकावर शोधतात. मी नेहमी पहिल्या बाकावर शोधत आले. तेल लावलेले केस, स्वच्छ पाटी, बाईंनी विचारायच्या आत वर गेलेला हात.

तुमची मांजरं माझ्याकडं कधी आली नाहीत. मी घरून साय चोरून आणायचे, हातावर घेऊन बसायचे, ती लांबून बघायची. त्या पोरीकडं काही नसायचं आणि ती खाली बसली की भुरी तिच्या मांडीत. त्या वर्षी दिवाळीनंतर भुरी गाभण झाली आणि तुमच्या स्वयंपाकघरातून उठून, पोरीच्या मागं मागं जाऊन, तिच्या घरच्या गोठ्यात व्याली. चार पिल्लं. तुम्ही ती परत आणली नाहीत. वर्गात सगळ्यांसमोर तिला म्हणालात, भुरीनं तुझी निवड केली आहे, आता तिचं बाळंतपण तुझ्याकडं. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या पोरीला मान वर करून बसलेली पाहिलं. मला रडू येईल इतका राग आला. वर्गात पहिली मी होते, बाई. निवड व्हायची ती माझी व्हायला हवी होती.

आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी उंदीर पडला.

आमचं धान्याचं दुकान होतं ते तुम्हाला माहीत आहे. नवी बाजरी येऊन पडली होती, मागची खोली छतापर्यंत पोत्यांनी भरलेली. सकाळी मी दात घासत होते तर एक उंदीर उजेडात अंगणात आला, दारू प्यालेल्यासारखा स्वतःभोवती फिरला आणि तुळशीपाशी आडवा झाला. मी ओरडायच्या आत वडील धावत आले. त्यांनी आधी फाटकाकडं बघितलं. त्या वर्षी खटाव तालुक्यात तीन गावं प्लेगानं उठून माळावर गेली होती, आणि घरात उंदीर पडला की काय करायचं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चावडीवर कळवायचं, घर सोडायचं, गावानं बाहेर झोपड्या टाकायच्या. मग इन्स्पेक्टर येणार, कौलं उतरवणार, पोती उन्हात काढून औषध फवारणार. वडिलांनी चूल फुंकायच्या जागेवरून चिमटा आणला, उंदीर शेपटीला धरून एका फुटक्या पाटीत टाकला, वर राख टाकली. पाटी माझ्या हातात दिली. "ओढ्यात टाकून ये," म्हणाले. "कुनी विचारलं तर केर म्हनायचं. आन ह्ये घराभायेर जाता कामा न्हाई." बाहेर जायला तर मीच निघाले होते, पण तेव्हा हसू आलं नाही.

ओढ्याकडं जाताना त्या पोरीचं घर लागतं. आई रानात गेलेली, दाराला बाहेरून कडी. गोठा उघडा होता, कोपऱ्यात कडबा रचलेला. भुरी नव्हती, चार पिल्लं पाटीत एकमेकांवर झोपलेली. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. एवढं आठवतं की मी घाबरले नव्हते आणि माझ्या मनात एक सरळ हिशेबासारखी गोष्ट होती: गोठ्यात उंदीर सापडला तर मांजर इथं ठेवणार नाहीत. मी चिमट्यानं तो उंदीर उचलला आणि पिल्लांच्या पाटीपाशी ठेवला. राख झटकली. फुटकी पाटी ओढ्यात टाकली, चिमटा धुतला आणि वेळेवर शाळेत आले. त्या दिवशी तुम्ही आम्हाला कृष्णा आणि येरळा नकाशावर दाखवल्यात.

दुपारी शाळेसमोर माणसं जमली. पुढं त्या पोरीची आई होती, डोक्यावरचं गवत तसंच. ती ओरडत नव्हती. "आवं बाई," ती म्हणाली, "तुमच्या मांजरीनं मरान आनलंया माज्या दारात. माजा धनी तकडं लढाईवर, हितं मी एकली. पोरीला कायबी झालं तर कुनाला तोंड दावू?" तुम्ही तिच्याबरोबर गोठ्यात गेलात, उंदीर बघितलात, आणि परत आल्यावर शांतपणे सगळ्यांना सांगितलंत की हा मांजरानं मारलेला नाही. याच्या अंगावर दात नाही. शेपटीला काजळी आहे. हा चिमट्यानं उचलून आणलेला उंदीर आहे, म्हणजे गावात कुणाच्या तरी घरात उंदीर पडतायत आणि ते घर दडवून बसलंय. आजच्या आज चावडीवर कळवा आणि गाव बाहेर काढा. तुमचं बोलणं इतकं साधं होतं, पण कुणाला ते नको होतं. रब्बीची कामं चालू होती, घर सोडून माळावर थंडीत कुणाला जायचं होतं? मांजर दोषी निघालं तर गाव निर्दोष ठरत होतं. एक म्हातारा म्हणाला, "मांजराची हत्या कोन घील अंगावर? सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतंय. पोत्यात घाला आन लांब नेऊन सोडा." सगळ्यांना ते पटलं. माझे वडील त्या घोळक्यात उभे होते. पोती त्यांनीच दिली.

तुमच्या डोळ्यांसमोर मांजरं पोत्यात गेली. भुरी सगळ्यात शेवटी सापडली, पोरीच्याच हाका ऐकून आली, आणि पोरीच्याच हातून तिला पोत्यात घालून घेतलं. गाडी येरळेचं वाळवंट ओलांडून माणदेशाच्या बाजूला गेली. पिल्लं मागं राहिली. ती तुम्ही ओच्यात घालून आणलीत आणि कापसाची वात दुधात भिजवून त्यांना पाजत बसलात, पण डोळे न उघडलेली पिल्लं ती, एकेक करून गेली. गावाला मात्र त्या संध्याकाळी सुटल्यासारखं वाटलं. मांजर गेलं, पिलेग गेला, असं माणसं खरंच म्हणत होती. तुम्ही एकट्या दुसऱ्या दिवशी वर्गात उभ्या राहून म्हणालात की ज्या घरात उंदीर पडला असेल त्या घरातल्या मुलीनं मला येऊन सांगावं, मी कुणावर रागावणार नाही, पण आज सांगितलं तर माणसं वाचतील. ती पोर पाटीकडं बघत होती. मी तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून बसले होते. ते मला छान जमायचं.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. स्वयंपाकघर रिकामं होतं, तीन बशा धुवून पालथ्या घातलेल्या. तुम्ही मला दूध दिलंत. माझ्यासमोर पाटावर बसलात आणि विचारलंत, तुमच्या घरी उंदीर पडला का? मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, "हे बघ, तुझ्या वडिलांना काही होणार नाही. मी स्वतः मामलेदारांशी बोलेन. पण माझ्या एकटीच्या बोलण्यावर गाव हलणार नाही. एका घराचं नाव लागेल." मी पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत, फक्त माझ्याकडं बघत राहिलात, आणि मी आपणहूनच नाही म्हणाले. मग दूध संपवलं आणि ओठ पुसले. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मिळता तर गाव त्या दिवशी बाहेर पडतं.

गाव आठ दिवस घरात राहिलं. त्या आठ दिवसांत रोज सकाळी आमच्या अंगणात काहीतरी पडलेलं असायचं आणि रोज मी ओढ्याकडं जायचे. आता सरळ ओढ्यातच टाकायचे. दुसऱ्या घरांतही असंच चाललं असणार. गल्लीत पहाटे भेटणाऱ्या बायका एकमेकींच्या हातातल्या पाट्यांकडं बघायच्या नाहीत. शाळेत आढ्यावर उंदीर धावायचे, दिवसासुद्धा, आणि आम्ही कविता म्हणत असताना ते थांबले की वर्ग थांबायचा. तुम्ही एकदा वर बघून म्हणालात, मांजरं गेली, आता यांना विचारणारं कोण. नवव्या दिवशी ती पोर शाळेत आली नाही. जांघेत गाठ, अंगात फणफणून ताप. त्याच दुपारी चावडीवर दवंडी झाली आणि संध्याकाळपर्यंत गाव माळावर गेलं, गाड्या, शेळ्या, जाती, देवाच्या पेट्या, सगळं घेऊन. इतक्या लवकर गाव रिकामं होऊ शकत होतं.

तिची झोपडी सगळ्यांपासून लांब टाकली होती, शेताच्या बांधाला. तिथं कुणी जात नव्हतं. तुम्ही प्लेगाची सुई टोचून घेतली होतीत, तुम्ही तिथंच राहिलात. मी आमच्या झोपडीसमोर बसून बघायचे. तुम्ही घागर घेऊन यायचात, घागर घेऊन जायचात. तिची आई बाहेर दगडावर बसलेली असायची, आणि तुम्ही तिला हाताला धरून आत न्यायचात, तीच बाई जिनं तुमच्या मांजरीवर आळ घेतला होता. चौथ्या दिवशी सकाळी तुम्ही एकट्याच बाहेर आलात आणि घागर उपडी ठेवलीत. माझ्या वडिलांनी टोपी काढली. आमच्या घरात कुणाला काहीही झालं नाही, बाई. बाजरीसुद्धा शाबूत राहिली.

पुढं मी पुष्कळ वाचलं. एका डॉक्टरांना विचारलंही, दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून. ते म्हणाले, उंदीर मेला की त्याच्या पिसवा दुसरं अंग शोधतात, पण त्या गावात उंदीर सगळीकडंच पडत होते, तेव्हा त्या मुलीला कुठून लागण झाली ते सांगता येणार नाही. त्या वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली. सांगता येणार नाही. रात्री उठून पाणी प्यावं तसं मी ते वाक्य मनात म्हणायचे.

गाव परत आलं तेव्हा तुम्ही नव्हतात. लोकल बोर्डाकडं अर्ज गेला होता, बाई शाळेत जनावरं पाळतात आणि गावात फूट पाडतात. अर्ज कुणी लिहिला ते मला माहीत आहे. आमच्या घरात तेवढं एकच सुवाच्य अक्षर होतं. माझं नव्हे, वडिलांचं. एवढं तरी माझ्या अंगावर नाही.

मग सातेक वर्षांनी मी तुमच्याकडं आले. तुम्ही साताऱ्यात एका गल्लीत माडीवर राहत होतात, नोकरी सुटली होती, घरी चार मुली शिकायला यायच्या. मला ट्रेनिंग कॉलेजात जायचं होतं आणि पहिल्या शाळेच्या शिक्षिकेकडून वर्तणुकीचा दाखला हवा होता. दुसरा कुणी असता तर मी तुमच्याकडं आले असते का, असं तुम्ही विचारलं नाहीत. मी वडूजच्या शेंगा आणल्या होत्या. तुम्ही खूप वाळल्या होतात, खोकला धरला होता, आणि मांडीवर एक म्हातारा बोका होता. तुम्ही त्याला न हलवता, गुडघ्यावर फळी घेऊन दाखला लिहिलात. ही मुलगी माझ्या शाळेत होती, हुशार व मेहनती होती, हिची वर्तणूक चांगली होती. टाक तुम्ही मध्ये एकदाच थांबवलात, चांगली या शब्दाच्या आधी. मग लिहिलात. सही केलीत, शाई वाळायला वर वाळू टाकलीत. माझं सगळं आयुष्य त्या कागदावर उभं राहिलं, तेहतीस वर्षांची नोकरी, पेन्शन, काल घरी आलेल्या मुख्याध्यापिका, सगळं.

मी कागद घ्यायला हात पुढं केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तुझ्यासाठी एक निरोप माझ्याकडं राहिलाय. शेवटच्या दिवशी ती शुद्धीवर होती थोडा वेळ. तुझं नाव घेऊन म्हणाली, तिला सांगा, मी कुनालाबी सांगितलं न्हाई." तुम्ही तिच्याच बोलीत म्हणालात, आवाज न बदलता. "काय सांगितलं नाही ते मी तिला विचारलं नाही. तुलाही विचारत नाही. निरोप होता, तो दिला." ती त्या दिवशी कडब्यामागं असणार. शाळेत निघण्याआधी पिल्लांजवळ बसलेली असणार, मी आल्याची चाहूल लागली तेव्हा मागं सरकली असणार, कारण माझी चाहूल लागली की तिला लपावंसंच वाटणार. तिनं सगळं बघितलं. मग आपल्या हातानं भुरीला पोत्यात घातलं, आणि तरी बोलली नाही. मी नाक धरायचे तेव्हा वाकायची तशीच वाकली. मरताना तिला वाटलं की मी भीत असेन, आणि माझी भीती घालवायला तिनं निरोप धाडला.

मी तुम्हाला म्हणाले, कशाबद्दल बोलत होती कोण जाणे. तुम्ही मान हलवलीत आणि बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. मी नमस्कार करून जिना उतरले. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेल्याचं कळलं.

लेख मी उद्या देणार आहे. चांगला झालाय, मुलांना उपयोग होईल, आणि त्यात खोटं काही नाही. शिक्षिका झाल्यावर मी खरंच कुणाला मारलं नाही. मांजरंही खरीच आहेत, आता येतात माझ्याजवळ, पहिलं यायला पंधरा वर्षं लागली. हे पत्र कुणाला द्यायचं नाही, द्यायला कुणी नाहीही. फक्त एक सांगायचं राहिलं. आजवर मी स्वतःला असं सांगत आले की तो निरोप ऐकला आणि जिन्यावर माझे पाय लटपटले, मी खालच्या पायरीवर बसून रडले. बसले होते खरी. पण रडले नव्हते. तुमचा दाखला घडी करून पोलक्यात नीट ठेवण्यासाठी बसले होते. आणि ती कुणालाही न सांगता मेली, हे कळल्यावर मला त्या पायरीवर जे वाटलं ते फार साधं होतं, बाई. मला हायसं वाटलं.